गुडघ्याला बाशिंग

कृष्णेच्या घाटावरच्या आमच्या कट्ट्यावर ज्याचं ऑपरेशन झालेलं नाही त्याला किंमत नाही. एकाची बायपास, दुसऱ्याचं प्रोस्टेट, तिसऱ्याचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू. बोलण्याची ज्येष्ठतासुद्धा त्याच क्रमाने. बायपासवाल्या तात्यांनी घसा खाकरला की मोतीबिंदूवाले आपोआप गप्प बसतात. बँकेच्या कर्ज खात्यातून निवृत्त होऊन मी या कट्ट्यावर रुजू झालो तेव्हा माझ्याकडे भांडवल म्हणून एकच गोष्ट होती : उजवा गुडघा. तो दुखायचा, आणि खरंच दुखायचा. सकाळी उठताना कुरकुरायचा, जिना उतरताना कळ मारायचा, आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढणार हे पाटबंधारे खात्याच्या आधी त्याला कळायचं. पण नुसत्या दुखण्यावर कट्टा हलत नाही. "गुडघा होय? सगळ्यांचाच दुखतो," असं म्हणून तात्यांनी माझा विषय मिटवला आणि स्वतःच्या छातीवरच्या टाक्यांकडे वळले.

घरगुती उपाय करून झाले होते. सांगली ही हळदीची पेठ, त्यामुळे सुरुवात अर्थातच हळदीने. गरम लेप, वर एरंडाचं पान, त्यावर जुन्या धोतराची पट्टी. रात्री हे सगळं बांधून झोपलो आणि सकाळी गुडघ्यावर पट्टी तेवढी होती; पान हिच्या उशीखाली सापडलं आणि हळद चादरीपासून भिंतीपर्यंत सगळीकडे. मग निर्गुडीचं तेल झालं, मेथीचे लाडू झाले. लाडवांनी गुडघ्याचं काय झालं ते कळलं नाही, पण विजारी सगळ्या घट्ट झाल्या.

अशात पुण्याच्या व्याह्यांचा फोन आला. बोलता बोलता ते म्हणाले, "हल्ली पूर्ण गुडघा बदलायची गरज नाही म्हणे. अर्धासुद्धा बदलून मिळतो."

अर्धा! मी फोन ठेवला तोच वेगळा माणूस होऊन. पूर्ण गुडघा बदलण्याची माझी छाती नव्हती. आमचे थोरले मेव्हणे पूर्णवाले. वाजपेयींनी २००० च्या ऑक्टोबरात ब्रीच कँडीत डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा, दोन्ही वेळा न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत, ही माहिती मेव्हण्यांना तोंडपाठ होती आणि पंतप्रधानांना जे चाललं ते तुला का चालत नाही, असा त्यांचा सवाल असायचा. मी पंतप्रधान नाही, हे उत्तर त्यांना पुरत नसे. पण अर्धा म्हणजे अर्धी भीती, अर्धं दुखणं, अर्धा खर्च आणि कट्ट्यावर मान मात्र पूर्ण. बँकेत असताना इतका किफायतशीर प्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

खर्चाचा अंदाज मी लगेच मांडला. केंद्र सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याचा कमाल भाव ५४,७२० रुपये अधिक कर असा ठरला होता. त्याचे निम्मे २७,३६०. एवढा आकडा मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. ही म्हणाली, "आणि भूल अर्धीच देणार का? खोलीत पलंग अर्धा देणार? डॉक्टर अर्धाच येणार?" माझी अक्कल गुडघ्यात आहे असं हिचं पहिल्यापासूनचं मत. आता त्यातला अर्धा काढला तर पुढे कसं निभायचं, ही काळजी तिने बोलून दाखवली.

मी नाद सोडला नाही. वाचायला लागलो. कळलं ते असं, की गुडघ्यात तीन कप्पे असतात : आतला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडचा, बाहेरचा, आणि वाटीमागचा. शरीराचा बराचसा भार आतल्या कप्प्यावर पडतो, म्हणून बहुतेकांचा तोच आधी झिजतो आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. झीज या एकाच कप्प्यापुरती असेल तर तेवढाच बदलता येतो. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची ताटली, मध्ये प्लास्टिकची चकती. बाकीचे दोन कप्पे आणि गुडघ्याच्या पोटातले लिगामेंट शाबूत. ऑक्सफर्डला जॉन गुडफेलो नावाचे सर्जन आणि जॉन ओ'कॉनर नावाचे इंजिनियर, या दोघांनी मिळून सरकत्या चकतीचा सांधा तयार केला आणि १९७६ साली तो पहिल्यांदा बसवला. सगळं कसं आटोपशीर. आता फक्त मी त्यात बसतो की नाही एवढंच बघायचं राहिलं होतं.

आणि इथे मला माझ्या जन्माचं सार्थक करणारी गोष्ट सापडली : पात्रतेची यादी. कोझिन आणि स्कॉट या अमेरिकन सर्जनांनी १९८९ साली ती दिलेली होती. वय ६० च्या वर. वजन ८२ किलोच्या आत. जड अंगमेहनत नसावी. गुडघा किमान काटकोनात वाकावा आणि जवळजवळ पूर्ण सरळ व्हावा. संधिवाताचा आजार नसावा. पुढचं लिगामेंट मजबूत हवं. सबंध नोकरीभर मी अशाच याद्यांवर खुणा करत लोकांची घरं, ट्रॅक्टर आणि द्राक्षबागा मंजूर-नामंजूर केल्या. लाल पेन काढलं आणि स्वतःचा प्रस्ताव तपासायला घेतला.

वय : बरोबर. अंगमेहनत नसावी : "हे मी लिहून देते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. लिगामेंट : ते तुटतं खेळताना, आणि मी कॅरमच्या पलीकडे कुठलाही मैदानी खेळ खेळलेला नाही, तेव्हा ते कोरं करकरीत असणार. अडचण दोनच ठिकाणी होती. वजन ८४ भरत होतं आणि गुडघा किती वाकतो याचा दाखला नव्हता.

वजनासाठी मी रात्रीची दुसरी भाकरी सोडली. भडंग मात्र चालू ठेवलं, कारण ते मुळातच हलकं असतं. वाकण्याच्या दाखल्याची संधी शेजारच्या सत्यनारायणाने दिली. मी गेलो, खुर्ची नाकारली, आणि सगळ्यांदेखत सतरंजीवर मांडी घातली. पहिल्या अध्यायात बरं वाटलं. साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत उजवा पाय माझा राहिला नव्हता. पाचही अध्याय मी त्या मांडीत काढले, आणि आरती सुरू झाली. सगळे उठले. मी उठलो नाही. टाळ्या वाजवत, डोळे मिटून, जणू समाधी लागल्याचा आव आणून बसून राहिलो. कुणाच्या तरी सुनेने "आजोबांची भक्ती बघ" असं पोराला सांगितलं आणि पोराने माझ्या त्याच गुडघ्यावर डोकं टेकवलं.

मंत्रपुष्पांजली संपली आणि पर्याय संपले. उठायला आधार म्हणून मी समोरचा केळीचा खुंट धरला. खुंट चौरंगाला सुतळीने बांधलेला, सुतळी नवी आणि घट्ट. त्यामुळे खुंटाबरोबर चौरंग माझ्याकडे सरकला, चौरंगाबरोबर कलश कलला, आणि प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं गुरुजींनी पायाने अडवलं म्हणून वाचलं. "अहो, देवाला धरा, केळीला कशाला धरताय!" असं गुरुजी ओरडले. शेवटी बायपासवाल्या तात्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. ज्यांच्यावर छाप पाडायची त्यांनीच उचलावं, यापरता दैवदुर्विलास नाही. पण मी घरी येऊन यादीत 'वाकतो' समोर बरोबरची खूण केली. उठण्याविषयी यादीत काही म्हटलेलं नव्हतं.

एक तयारी राहिली होती. आतल्या कप्प्याचं दुखणं असलेला माणूस 'कुठे दुखतं?' विचारल्यावर एका बोटाने नेमकी आतली बाजू दाखवतो, असं मी वाचलं होतं. ज्याचं दुखणं पसरलेलं असतं तो सबंध पंजा फिरवतो. मी पंजावाला. म्हणून कपाटाच्या आरशासमोर बसून एका बोटाचा सराव केला. ही दारातून बघत होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नेहमी महागात पडतं.

मिरज गाठली. सांगलीहून जवळ, आणि हाडामांसाच्या कुठल्याही तक्रारीसाठी कर्नाटकातूनसुद्धा लोक तिथे येतात. स्टॅंडवर उतरलो की रिक्षावाला 'कुठे जायचं' न विचारता 'हाडाचं का डोळ्याचं?' विचारतो. दवाखान्यात बाईंनी हातात एक फॉर्म दिला. ऑक्सफर्डचीच प्रश्नावली, मराठी केलेली. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. जेवढे गुण जास्त तेवढा गुडघा चांगला. मी हिशेबी माणूस. मंजुरी हवी तर गुण कमी पाहिजेत, एवढं मला समजलं. मी भराभर शून्य आणि एक टाकत सुटलो.

"बघू," म्हणून हिने फॉर्म ओढून घेतला.

"अंघोळ करून अंग पुसायला त्रास होतो का? एक गुण? अहो, तुम्ही न्हाणीघरात नाट्यगीताचे तीन अंतरे म्हणता."

"ते दुखणं विसरायला."

"गुडघे टेकून खाली बसून परत उठता येतं का? शून्य. हे बरोबर, हे सबंध सांगलीने बघितलंय." पुढचा प्रश्न वाचून ती थांबली. "घरची खरेदी एकट्याने करता का? यापुढे तुम्ही 'अशक्य' लिहिलंय."

"मग?"

"गुडघा चांगला होता तेव्हा कधी केली होती?"

समोरच्या बाकावरचे कर्नाटकातले एक आजोबा, मराठी न येताही हसले. हिने खाडाखोड करून माझे गुण १४ वरून ३३ वर नेले आणि फॉर्म बाईंना स्वतः नेऊन दिला.

डॉक्टर वयाने आमच्या धाकट्या मुलाएवढे. आधी "कुठे दुखतं काका?" विचारलं. मी सराव केलेलं बोट नेमकं टेकवलं. "छान," म्हणाले आणि सांगलीच्या पुराविषयी गप्पा काढल्या. मी रंगात येऊन २०१९ साली पाणी आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते सांगू लागलो. सांगता सांगता लक्षात आलं, की माझा सबंध पंजा गुडघ्यावरून गोल गोल फिरतोय आणि डॉक्टर तेच बघताहेत.

मग मी यादी काढली. ती वाचून ते म्हणाले, "ही १९८९ ची. यातलं ८२ किलो आणि ६० वर्षं आता आमच्यातले बरेच जण धरून बसत नाहीत. वजनावरून मी कुणाला परत पाठवत नाही." म्हणजे दुसरी भाकरी मी फुकटच सोडली होती. "बघायचं असतं ते गुडघ्याच्या आत. एक्स-रे आणलाय?"

आणला होता. त्यांनी तो उजेडासमोर धरला आणि बाजूला ठेवला. "हा झोपून काढलेला. झोपलेल्या गुडघ्यावर भारच नसतो, तो काय खरं बोलणार? उभं राहून काढून आणा."

उभा राहून काढला. माझ्या आतल्या कप्प्यात दोन हाडांमध्ये काळी फट अजून स्वच्छ दिसत होती. मी अभिमानाने बघत होतो, आणि डॉक्टर मान हलवत होते. "काका, ही फट म्हणजे तुमची शिल्लक असलेली गादी. झीज आहे, पण अर्धवट. अर्धा सांधा आम्ही बसवतो तो तिथली गादी पार संपून हाडाला हाड घासू लागल्यावर. त्याच्या आधी बसवला तर बऱ्याच जणांचं दुखणं राहतं, आणि मग ते दुसऱ्या ऑपरेशनच्या मागे लागतात."

"म्हणजे मी नापास?"

"तुमचा गुडघा अजून तेवढा वाईट नाही."

सबंध आयुष्यात माझा प्रस्ताव पहिल्यांदाच कुणाच्या टेबलावर गेला आणि शिल्लक जास्त म्हणून नामंजूर झाला. असं मी कुणाच्या बाबतीत केलेलं नव्हतं. तोंड पाडून मी उठलो. एक्स-रेचं पाकीट घ्यायला ही उठली. खुर्चीच्या हाताला धरून, एक क्षण तशीच थांबून, मग दोन पावलं चालत टेबलापर्यंत आली. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं.

"काकू, जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

ती दारापर्यंत गेली आणि आली. तेव्हा मी प्रथमच बघितलं, की तिच्या दोन गुडघ्यांमधून पलीकडची खुर्ची दिसते.

"कुठे दुखतं?"

तिने एक बोट टेकवलं. डाव्या गुडघ्याची आतली बाजू, सरळ रेषेत. आरशाशिवाय, सरावाशिवाय.

"कधीपासून?"

"धाकट्याच्या लग्नाआधीपासून. पण यांचा गुडघा चालला होता ना," ती म्हणाली, "घरात एका वेळी एकच."

तिचाही उभं राहून एक्स-रे निघाला. आतल्या बाजूची फट नव्हतीच. हाड हाडावर टेकलेलं, आणि बाहेरचा कप्पा जसाच्या तसा. डॉक्टरांनी तिला झोपवून पाय हाताने बाहेरच्या बाजूला ढकलून आणखी एक काढला, तेव्हा वाकलेला गुडघा सरळ झाला. पुढचं लिगामेंट ओढून बघितलं, घट्ट होतं. पुस्तकात छापावा असा गुडघा, असं ते म्हणाले. मी एवढा अभ्यास करून पात्र ठरलो नव्हतो आणि ही पाकीट उचलायला उठली नि पहिल्या वर्गात आली.

मला वाटलं आता ती घाबरेल. तिने पदर सावरला आणि विचारलं, "पूर्ण चांगला की अर्धा?"

डॉक्टरांनी सांगितलं, की अशाच गुडघ्यांच्या ५२८ रुग्णांचा ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. काहींना पूर्ण, काहींना अर्धा. पाच वर्षांनी दोन्हीकडचे गुण जवळपास सारखे, खर्च अर्ध्याचा कमी. अर्ध्यात जखम लहान, रक्त कमी जातं, माणूस लवकर चालायला लागतो आणि स्वतःचं लिगामेंट राहिल्याने गुडघा आपला वाटतो.

"आणि वाईट काय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी चांगल्यावरच दोन रेघा मारून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा उघडावा लागण्याचं प्रमाण. देशोदेशीच्या नोंदी बघितल्या तर ते अर्ध्यात पूर्णापेक्षा जास्त आहे. कधी उरलेले कप्पे पुढे झिजतात, कधी सांधा सैल होतो. आणि अर्ध्याचा पूर्ण करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून डॉक्टरही लवकर हात घालतात."

"तुम्ही किती करता?"

मी खाली बघितलं. भाजीवाल्याला 'सकाळची का कालची' विचारावं त्याच सुरात तिने हे विचारलं होतं. पण डॉक्टर खूश झाले. "हाच विचारायचा प्रश्न, काकू. वर्षाकाठी दोन-चार करणाऱ्याकडे हे करू नये. गुडघे बदलतो त्यातले पाचात एक तरी अर्धे असतील त्याच्याकडे निकाल चांगले येतात. माझे चारात एक असतात."

"मांडी घालता येईल?"

"बरेच जण घालतात. पण खाली बसून तासन्‌तास निवडणं-टिपणं नको."

"मग उन्हाळा होऊन जाऊ दे. सांडगे, पापड, कुरडया, सगळं वाळवण आटोपते. पाऊस सुरू झाला की या." हे 'या' डॉक्टरांना होतं. तारीख तिने ठरवली, त्यांनी डायरीत लिहिली. माझ्या मेजावर वर्षभर खलबतं करूनही जो निर्णय झाला नसता, तो हिने माझ्या तपासणीच्या फीमध्ये, माझ्याच खुर्चीत बसून घेतला.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझं काय?"

त्यांनी माझा कागद पुढे ओढला. वजन कमी केलं तर प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलोचा भार उतरतो, म्हणून भाकरी सोडलेलीच राहू दे. भडंगाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, हिने सांगितलं. मांडीचे स्नायू दणकट झाले तर गुडघ्याचा भार ते उचलतात, म्हणून खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम, रोज. चालणं भरपूर.

"डॉक्टर," ही म्हणाली, "माझं झाल्यावर काही आठवडे मला घरचं झेपणार नाही. यांच्या गुडघ्याला ओट्यापाशी उभं राहणं, बाजारातून पिशवी आणणं चालेल का?"

"चालेल म्हणजे? उत्तम. सांधा हलता राहतो."

"तसं लिहून द्या. हे मानत नाहीत."

डॉक्टरांनी लिहिलं. १) वजन पाच किलो कमी. २) मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, सकाळ-संध्याकाळ. ३) स्वयंपाक, भांडी, बाजारहाट : हरकत नाही. हिने कागद वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि तेवढ्याच ओळीपुढे त्यांच्याकडून वेगळी सही घेतली, शिक्क्यासकट.